तलाव आटला की आकडा चुकला?

प्रश्न : सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रांवरून तलावाचं क्षेत्र क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजलं. एनडीडब्ल्यूआय (पाणी ओळखण्याचा निर्देशांक) ०.१ च्या वर असेल तर पाणी, हा निकष २०२१ आणि २०२३ च्या दोन्ही चित्रांना लावला. २०२३ मध्ये तलाव बराच लहान दिसतो. तलावातल्या मोजपट्टीवर मात्र पाण्याची पातळी दोन्ही वेळी सारखीच आहे. असं का?

उत्तर : मोजपट्टीवर विश्वास ठेवा. काठाशी गाळ साचूनही क्षेत्र घटतं, पण त्याआधी फाइल तपासा. २५ जानेवारी २०२२ पासून या उपग्रहाच्या चित्रांची प्रक्रिया बदलली आणि प्रत्येक बँडच्या (प्रकाशाच्या एकेका पट्ट्याच्या) आकड्यात १००० मिळवलेले येऊ लागले. ते आपणच वजा करायचे असतात.

गढूळ पाण्याच्या एका पिक्सेलमध्ये हिरवा बँड (बी३) १६०० आणि निकट अवरक्त (बी८) १४०० आहे असं धरू. एनडीडब्ल्यूआयसाठी या दोन आकड्यांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागायचं. आकडे तसेच घातले तर २०० भागिले ३०००, म्हणजे ०.०६७, पिक्सेल जमिनीत जमा. हजार वजा केले तर २०० भागिले १०००, म्हणजे ०.२, पाणी. वरचे हजार एकमेकांना कापतात, खाली दोन हजार उरतात. निकषाचा उंबरठा ०.१ ऐवजी शून्यावर ठेवणाऱ्यांच्या हे लक्षातही येत नाही, कारण चिन्ह बदलत नाही.

चित्राच्या तारखेवर जाऊ नका. जुनी चित्रंही नव्या प्रक्रियेतून पुन्हा काढली गेली आहेत. फाइलच्या नावात ‘एन’नंतर चार अंक असतात. ते ०४०० किंवा त्याहून जास्त असतील, तर क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये आधी दोन्ही बँडमधून १००० वजा करा. उत्तर ऋण आलं तर शून्य धरा. मूळ शून्य म्हणजे माहिती नसलेले पिक्सेल, त्यांना हात लावू नका. गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन सेवेवर ‘हार्मोनाइज्ड’ (आकडे आधीच जुळवलेला) संच घेतला की ही कटकटच नाही.

क्षेत्र मोजताना चित्र मूळ यूटीएम प्रक्षेपणातच (मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीतच) ठेवा. १० मीटरचे १०० पिक्सेल म्हणजे एक हेक्टर, हिशेब सरळ. जलपर्णी असेल तर तो भाग हाताने जोडावा लागेल. पानं निकट अवरक्त किरण जोरात परावर्तित करतात आणि निर्देशांक त्यांना जमीनच समजतो.

प्रश्न : आकाश सतत ढगाळ असेल तर?

उत्तर : सेंटिनेल-१ या उपग्रहाचं रडार चित्र घ्या, रडारला ढग आड येत नाहीत. शांत पाणी त्यात काळं दिसतं. वाऱ्याने लाटा उठल्या की तेच उजळतं आणि तलाव फाटल्यासारखा दिसतो; अशा दिवसाचं चित्र सोडून पुढचं घ्या. सपाट कोरडी वाळू आणि धावपट्ट्याही काळ्याच दिसतात. रडारवरचं क्षेत्र रडारच्याच क्षेत्राशी ताडा.