आइस हॉकीचा गोलकीपर तिशीपर्यंत कुठे असतो?

तुमचा प्रश्न रास्त आहे: फॉरवर्ड खेळाडू विशीतच नाव काढतात, मग कित्येक गोलकीपर तिशी येईपर्यंत कुणाला माहीतही का नसतात? मी बरीच वर्षं एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली अव्वल आइस हॉकी लीग, बघतोय, आणि खरं सांगायचं तर माझी नजर पकपेक्षा (चेंडूऐवजी असते ती चकती) गोलकीपरवरच जास्त असते.

मुख्य अडचण जागांची. संघ 32, प्रत्येक संघ सामन्याला दोन गोलकीपर घेऊन उतरतो आणि खेळतो त्यातला एकच. नवख्या फॉरवर्डला चौथ्या, म्हणजे शेवटच्या फळीत का होईना, थोडी मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात तो शिकतो. गोलकीपरला असं थोडं थोडं खेळवता येत नाही. म्हणून त्याला एएचएलसारख्या दुय्यम लीगमध्ये नाहीतर युरोपात पाठवतात. पुढे वर जागा रिकामी होणं त्याच्या हातात नसतं.

टिम थॉमसचं बघा. 1994 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, तो 217 वा. मग फिनलंड, स्वीडन, अमेरिकेतल्या दुय्यम लीग अशी भटकंती. बॉस्टन ब्रुइन्सकडून नियमित खेळायला लागला तेव्हा तिशी उलटून गेली होती. 2011 मध्ये त्याच बॉस्टनने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला आणि प्लेऑफमधला (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांमधला) सर्वोत्तम खेळाडू ठरला 37 वर्षांचा थॉमस. डोमिनिक हाशेकची गोष्ट निराळी. 1983 मध्येच शिकागोने त्याला निवडलं होतं, पण कम्युनिस्ट राजवटीतल्या चेकोस्लोव्हाकियातून तो येऊ शकला 1990 मध्ये. तिथेही गोलकीपर एड बेलफोर आधीच ठाण मांडून बसलेला! 1992 मध्ये बफेलोला गेल्यावर मात्र त्याने सर्वोत्तम गोलकीपरच्या सहा वेझिना ट्रॉफी मिळवल्या, शिवाय 1997 आणि 1998 मध्ये लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफीही.

दुसरं कारण कौशल्याचं आहे. साधारण 170 ग्रॅमचा रबरी पक ताशी दीडशे किलोमीटरने येतो, तोही बऱ्याचदा खेळाडूंच्या गर्दीतून. दिसल्यावर हलून उपयोग नसतो, आधीच योग्य कोनात उभं असावं लागतं. हा अंदाज पुष्कळ शॉट खाल्ल्यावरच येतो. अपवाद आहेतच. पॅट्रिक रुआने 1986 मध्ये विसाव्या वर्षी माँट्रियलला कप जिंकून दिला. पण त्याच्यावरून इतरांना मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

आता चित्र थोडं बदलतंय. गुडघे आत वळवून बर्फावर बसण्याच्या 'बटरफ्लाय' शैलीत कंबरेच्या सांध्यांवर फार ताण येतो, आणि संघही एकाच माणसाला रोज जुंपत नाहीत. 2006-07 च्या मोसमात मार्टिन ब्रोडूर 82 पैकी 78 सामने खेळला होता. आज तसं कुणी खेळवत नाही, त्यामुळे दुसऱ्या गोलकीपरला बर्फावर येण्याची संधी बरीच जास्त मिळते. ब्रोडूरचा 691 विजयांचा विक्रम मात्र या वाटणीमुळे कधी मोडेल असं मला वाटत नाही.