इटालियन क्रियापदांची रूपे मराठी भाषकाने कशी शिकावीत?

इटालियन क्रियापदाचा पूर्ण तक्ता समोर आला की धीर सुटतो, तो सगळा पाठ करावाच लागतो का, आणि पास्सातो रेमोतो हा दूरच्या भूतकाळाचा काळ शिकायची गरज आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मातृभाषा मराठी असली तरी व्याकरणाचा विचार इंग्रजीतूनच करायची सवय आहे, असेही तुम्ही लिहिले आहे. मी पुण्यात इटालियन शिकवते आणि माझे बहुतेक विद्यार्थी याच वाटेने येतात, म्हणून सविस्तर लिहिते. माझे मत आधीच सांगते: तक्ता पाठ करू नका. प्रत्येक महत्त्वाच्या क्रियापदाची पाच रूपे पक्की करा, आणि बाकीची रचना समजून घेताना इंग्रजी बाजूला ठेवून मराठी व्याकरणाचा आधार घ्या.

इटालियन व्याकरणात क्रियापदाचे सात अर्थ, म्हणजे विधान, इच्छा, आज्ञा असा भाव दाखवणारे रूपांचे गट, मानतात. इंदिकातिवो (साधे विधान), कोंजुन्तिवो (इच्छा, कल्पना), कोन्दित्सियोनाले (‘तर असे झाले असते’ या अर्थाचे) आणि इम्पेरातिवो (आज्ञार्थ) हे चार पुरुष आणि वचनाप्रमाणे चालतात. इन्फिनितो (मूळ रूप), पार्तिचिपियो (‘आलेला’सारखे) आणि जेरुन्दियो (‘येत’, ‘येताना’सारखे) ही धातुसाधिते आहेत. काळांची बेरीज केली तर इंदिकातिवोचे 8, कोंजुन्तिवोचे 4, कोन्दित्सियोनालेचे 2, इम्पेरातिवोचा 1 आणि धातुसाधितांचे प्रत्येकी 2, असे एकूण 21 काळ होतात. आकडा मोठा दिसतो, परंतु यांतले 9 संयुक्त काळ आहेत, म्हणजे ते आव्हेरे (जवळ असणे) किंवा एस्सेरे (असणे) यांपैकी एका सहायक क्रियापदाला भूतकाळवाचक धातुसाधित जोडून तयार होतात. त्या दोन सहायक क्रियापदांची रूपे तोंडात बसली की हे 9 काळ वेगळे शिकावे लागत नाहीत.

आता पाच रूपांविषयी. ‘येणे’ या अर्थाचे व्हेनिरे हे अनियमित क्रियापद घ्या आणि एवढेच लक्षात ठेवा: व्हेनिरे, व्हेन्गो, व्हेर्रो, व्हेनूतो, व्हेन्नी. पहिले मूळ रूप आहे. त्यावरून इंपेर्फेत्तोचे, म्हणजे चालू किंवा नित्याच्या भूतकाळाचे, व्हेनिव्हो, कोंजुन्तिवोच्या भूतकाळाचे व्हेनिस्सी आणि जेरुन्दियोचे व्हेनेन्दो निघते. दुसरे वर्तमानकाळाचे ‘मी’चे रूप आहे आणि त्यातून कोंजुन्तिवोच्या वर्तमानकाळाचे व्हेन्गा मिळते. तिसरे भविष्यकाळाचे आहे. त्याचाच धातू घेऊन कोन्दित्सियोनालेचे व्हेर्रेई होते. चौथ्या रूपावर सगळे संयुक्त काळ उभे राहतात आणि पाचवे पास्सातो रेमोतोसाठी आहे. वर्तमानकाळ मात्र सहाही रूपांसह पाठ करावा, कारण व्हेन्गो, व्हिएनी, व्हिएने, व्हेनियामो, व्हेनीते, व्हेन्गोनो यांमध्ये धातू मध्येच बदलतो आणि तो बदल आधी ओळखता येत नाही.

नियमित क्रियापदांचे -आरे, -एरे आणि -इरे असे तीन वर्ग तुम्हाला ठाऊक असतीलच. तिसऱ्या वर्गात एक अडचण येते: दोर्मिरेचे दोर्मो होते, पण फिनिरेचे फिनिस्को होते. यासाठी माझ्या वर्गात सांगते तो ठोकताळा असा, की -इरेच्या लगेच आधी जोडव्यंजन असेल, जसे दोर्मिरे, पार्तिरे, सेन्तिरे, आप्रिरे, तर -इस्क- बहुधा येत नाही. एकेरी व्यंजन असेल, जसे फिनिरे, कापिरे, पुलिरे, प्रेफेरिरे, तर बहुधा येतो. अपवाद आहेत, पण सुरुवातीला एवढे पुरते. वर्तमानकाळातच उच्चाराकडेही लक्ष द्या. पार्लानो म्हणताना आघात ‘पा’वर असतो, ‘ला’वर नव्हे, मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी तो हमखास सरकतो, म्हणून अनेकवचनी रूपे पहिल्या दिवसापासून मोठ्याने म्हणावीत.

पास्सातो प्रोस्सिमो हा रोजच्या बोलण्यातला भूतकाळ. इथे मराठी भाषकाला फार मोठा लाभ आहे आणि तो बहुतेक जण वापरतच नाहीत. मार्को ए आर्रिव्हातो, मारिया ए आर्रिव्हाता, ले रागात्त्से सोनो आर्रिव्हाते: मार्को आला, मारिया आली, मुली आल्या. कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे क्रियापदाचे रूप बदलणे आपल्याला शिकवावे लागत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट आव्हेरे घेणाऱ्या क्रियापदांत आहे. ‘मी चिठ्ठी लिहिली’ यात मराठी क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माप्रमाणे चालते. इटालियनमध्ये ओ स्क्रित्तो ला लेत्तेरा या वाक्यात तसे होत नाही, पण चिठ्ठीऐवजी सर्वनाम येऊन ते क्रियापदाच्या आधी बसले की लो (ला + ओ) स्क्रित्ता असे स्त्रीलिंगी रूप येते. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी हा नियम घोकतो आणि बोलताना विसरतो. कर्मणी प्रयोग ज्याच्या अंगात मुरला आहे त्याने फक्त ‘मी ती लिहिली’ असे मनात म्हणावे.

एस्सेरे कुठे आणि आव्हेरे कुठे, हेही मराठीवरून बरेचसे ठरवता येते. तृतीय पुरुषी भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागत असेल (त्याने पाहिले, तिने घेतले, त्यांनी वाचले), तर इटालियनमध्ये जवळजवळ नेहमी आव्हेरे येते. आत्मवाचक क्रियापदे (ज्यांची क्रिया कर्त्याकडेच वळते अशी) तेवढी वेगळी काढा, ती सगळी एस्सेरे घेतात. उलट दिशेने मात्र हा नियम चालत नाही. गेला, आला, राहिला, जन्मला, झाला यांना एस्सेरे लागते हे खरे, पण झोपला, हसला, चालला यांना मराठीत ‘ने’ नसूनही आव्हेरेच लागते: ओ दोर्मीतो, ओ रीझो, ओ काम्मिनातो. अशा क्रियापदांची एक छोटी यादी स्वतःच्या वहीत करावी. पियाचेरे, म्हणजे आवडणे, याबद्दल तर इंग्रजीचा विचारसुद्धा मनात आणू नका. ‘मला हे शहर आवडते, मला ही शहरे आवडतात’ अशीच त्याची रचना आहे: आवडणारी वस्तू कर्ता आणि आपण ‘मला’.

इंपेर्फेत्तो रूपांच्या दृष्टीने सर्वांत सरळ आहे. एस्सेरेचे एरो आणि फाचेव्हो, दिचेव्हो, बेव्हेव्हो असे मोजके अपवाद. त्याचा उपयोग कुठे करायचा यावर मात्र पुस्तके पानेच्या पाने खर्च करतात. मराठीतले ‘जात होतो’ आणि ‘जात असे’ किंवा ‘जायचो’ ही दोन्ही रूपे इटालियनमध्ये एकट्या आन्दाव्होने सांगितली जातात. मेन्त्रे लेज्जेव्हो, ए आर्रिव्हाता मारिया, म्हणजे मी वाचत होते तेवढ्यात मारिया आली. वाक्य आधी मराठीत जुळवा. चालू असलेली किंवा नित्याची क्रिया इंपेर्फेत्तोत जाते, आणि ‘आली’सारखी घडून गेलेली क्रिया पास्सातो प्रोस्सिमोत.

भविष्यकाळाचा एक उपयोग आपल्याला आयता मिळतो: सारान्नो ले ओत्तो, म्हणजे आठ वाजले असतील; सारा आर्रिव्हातो, म्हणजे तो पोचला असेल. अंदाज सांगण्यासाठी भविष्याचे रूप वापरणे दोन्ही भाषांत आहे. रूपांपुरता एकच इशारा देते. पार्लेरेमो म्हणजे ‘आम्ही बोलू’ आणि पार्लेरेम्मो म्हणजे ‘आम्ही बोललो असतो’ या धाटणीचे कोन्दित्सियोनाले; फरक केवळ दुहेरी म्-चा. कोन्दित्सियोनाले भविष्याच्या धातूवरच का बनते, याचे कारण इतिहासात आहे. दोन्ही रूपे मूळ क्रियापदाला लॅटिन हाबेरेची रूपे चिकटून तयार झाली, एकात वर्तमानकाळाची आणि दुसऱ्यात भूतकाळाची.

कोंजुन्तिवोला सगळे घाबरतात, पण ते परके नाही. मराठी व्याकरणात स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ शिकवतात, ते इथे आठवावेत. ‘त्याने यावे असे मला वाटते’ यातल्या ‘यावे’ची जागा व्होल्यो के लुई व्हेन्गा यातले व्हेन्गा घेते. एवढेच नव्हे, तर अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाला आदराने ‘या’ म्हणताना इटालियन माणूस व्हेन्गाच म्हणतो, जसे आपण ‘आपण आत यावे’ म्हणतो. स्कूझी, सेन्ता, दीका हे रस्त्यावर आणि दुकानात रोज कानावर पडणारे शब्द कोंजुन्तिवोचीच रूपे आहेत. (आज्ञार्थाचे बाकी फारसे काही नाही, ‘तू’ला नकार देताना मूळ रूप वापरतात, नोन पार्लारे, हे ध्यानात ठेवावे.) वर्तमानकाळाची रूपे करताना -आरे वर्गाला ‘इ’ आणि इतर दोन वर्गांना ‘आ’ लागतो: पार्ली, क्रेदा, दोर्मा. सिया, आब्बिया, साप्पिया, दिया, स्तिया ही पाच वेगळी पाठ करावीत.

मराठी जिथे मदत करत नाही, उलट पाय अडकवते, अशा दोन जागा इथेच आहेत. पहिली काळाची. ‘त्याने यावे असे मला वाटते’ आणि ‘त्याने यावे असे मला वाटत होते’ यात ‘यावे’ तसेच राहते. इटालियनमध्ये मुख्य क्रियापद भूतकाळात गेले की व्होलेव्हो के लुई व्हेनिस्से म्हणावे लागते. दुसरी संकेतार्थाची. ‘मला वेळ असता तर मी आले असते’ या वाक्याचे दोन्ही भाग मराठीत एकाच साच्यातले आहेत. इटालियनमध्ये ‘जर’च्या भागात कोंजुन्तिवो आणि ‘तर’च्या भागात कोन्दित्सियोनाले असते: से आव्हेस्सी तेम्पो, व्हेर्रेई. दोन्हीकडे कोन्दित्सियोनाले घालून से आव्हेरेई म्हणणे ही चूक इटलीतल्या शाळकरी मुलांचीही होते आणि शिक्षक ती कडकपणे सुधारतात. शिवाय मराठी वाक्य आजच्या वेळेविषयी आहे की कालच्या, हे संदर्भावरून कळते; इटालियनला ते रूपातच सांगावे लागते. संधी निघून गेली असेल तर से आव्हेस्सी आव्हूतो तेम्पो, सारेई व्हेनूता. तेव्हा अशा प्रत्येक वाक्याआधी स्वतःला विचारावे, की ही गोष्ट अजून घडू शकते का, की वेळ टळून गेली. बी-वन आणि बी-टू या मध्यम पातळ्यांच्या परीक्षांच्या तयारीचा सर्वाधिक वेळ मी याच सरावाला देते, आणि तुम्हीही द्यावा असे मला मनापासून वाटते.

राहिला पास्सातो रेमोतो. उत्तर इटलीत बोलण्यात तो जवळपास ऐकू येत नाही. तोस्काना आणि दक्षिणेकडे, विशेषतः सिसिलीत, तो बोलण्यातही जिवंत आहे. कथा, कादंबऱ्या आणि इतिहासाची पुस्तके तर त्याच्याशिवाय वाचताच येत नाहीत. म्हणून तो ओळखता यावा इतका शिकावा. बहुतेक अनियमित क्रियापदांतही फक्त तीन रूपे वेगळी असतात: मी, तो किंवा ती, आणि ते. स्क्रिव्हेरेची रूपे पाहा: स्क्रिस्सी, स्क्रिव्हेस्ती, स्क्रिस्से, स्क्रिव्हेम्मो, स्क्रिव्हेस्ते, स्क्रिस्सेरो. पाच रूपांतले शेवटचे माहीत असले की उरलेली दोन त्यातूनच मिळतात. त्रापास्सातो रेमोतो, म्हणजे त्याच्याही आधीच्या घटनेचा संयुक्त काळ, मात्र पुस्तकात भेटेल तेव्हाच पाहा. परीक्षेच्या तयारीत त्यावर वेळ घालवू नका.