दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन 'टायगर १' रणगाड्याच्या १/३५ स्केल मॉडेलवर झिमरिट लावावं की नाही? आणि रंग कोणता द्यावा?

आधी ठरवा की तुमचा रणगाडा नेमका कोणत्या महिन्यातला आहे. बाकी सगळं त्यावरून ठरतं.

झिमरिट म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून चिलखतावर थापलेला लेप. कारखान्यात तो साधारण ऑगस्ट १९४३ पासून सप्टेंबर १९४४ पर्यंत लावला जायचा. त्यामुळे ट्युनिशियातला टायगर करत असाल (इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयातला प्रसिद्ध '१३१' क्रमांकाचा टायगर तिथलाच, एप्रिल १९४३ मध्ये पकडलेला) तर झिमरिट विसरा. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या १९४४ च्या लढाईतला असेल तर हवंच.

लेपासाठी दोन भागांची इपॉक्सी पुट्टी घ्या. पाण्याचा हात लावून अगदी पातळ पसरा आणि ओली असतानाच बारीक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आडव्या रेघा दाबत जा. रेघा पट्टीने आखल्यासारख्या सरळ आल्या तर उलट खोट्या वाटतात. मूळ काम हाताचंच होतं. एकदोन ठिकाणी टवके उडवा, म्हणजे चाकांच्या वरची कड किंवा मागची बाजू. पण चवताळल्यासारखे सगळीकडे नकोत.

रंग: फेब्रुवारी १९४३ नंतर मूळ रंग गडद पिवळा, त्यावर हिरवे-तपकिरी पट्टे. त्याआधी युरोपात गडद राखाडी.

ट्रॅकवर (चाकांभोवती फिरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांवर) भगवा गंज फासू नका, प्लीज. चालत्या गाडीचे ट्रॅक जमिनीला घासून चकाकतात. तिथे पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळलं की झालं.