नवा ग्रुप आणि मागचा बाक

प्रिय,

काल तलावपाळीच्या कट्ट्यावर अर्धा तास बसून तू शेवटी एकच बोललीस, "बाई, त्यांनी नवा ग्रुप काढला, मला घेतलंच नाही." मी नुसती भेळ तुझ्यापुढे सरकवली. तेव्हा काही बोलले असते तर तो उपदेश झाला असता, म्हणून आज लिहिते.

"एवढ्यातेवढ्याचं काय मनाला लावून घेतेस" असं घरी कुणी म्हणालं असेल, तर ते मला पटत नाही. 2003 साली काही संशोधकांनी माणसांना संगणकावर चेंडू झेलण्याचा खेळ दिला. मध्येच त्यांच्याकडे चेंडू येणं बंद केलं आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचा स्कॅन घेतला. अंगाला दुखतं तेव्हा मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांतलाच एक तेव्हाही जागा झालेला दिसला. तिथे सोबत अनोळखी माणसं खेळताहेत, एवढीच त्यांची समजूत होती. तुझ्या तर पाचवीपासूनच्या मैत्रिणी!

मी आठवीत असताना आमचाही पाच जणींचा कंपू होता. डबा एकत्र, शाळा सुटली की राम मारुती रोडने रमतगमत घरी. कुणाशी बोलायचं ते एकजण ठरवायची. एकदा तिने माझ्याच बाकावरच्या मुलीशी सगळ्यांना कट्टी घ्यायला लावली. का, हे कुणी विचारलं नाही. मधल्या सुट्टीत ती मुलगी डबा उघडून माझ्याकडे बघत राहिली आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने नळाकडे निघून गेले. माझा तिच्यावर काडीचा राग नव्हता. उद्या आपली पाळी येईल, एवढीच धास्ती होती. तिची मी कधीच माफी मागितली नाही, ते अजून सलतं.

म्हणून सांगते, तुझ्या ग्रुपमध्येही एखाददुसरी अशी नळाकडे गेलेली असेल. सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात एक प्रयोग केला. खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवून रेघांची लांबी चुकीची सांगायचे. खरं उत्तर डोळ्यांसमोर असूनही साधारण एक तृतीयांश वेळा माणूस त्यांच्यामागे जायचा. पण खरं बोलणारा एक जरी सोबतीला मिळाला, तरी हे प्रमाण जवळपास चौथ्या हिश्श्यावर यायचं. एकच सोबती, बरं का!

तेव्हा जी सगळ्यांना नाचवते तिच्या विनवण्या करू नकोस. जिच्याशी तुझं खरंच जमायचं, तिला एकटीला गाठ. तक्रार नको, चुगल्याही नकोत. "शनिवारी उपवनला चक्कर मारूया का?" एवढंच विचार. नाही म्हणाली तर तिथेच थांब. ग्रुपमधल्या जुन्या गप्पांचे स्क्रीनशॉट मात्र कुणालाही दाखवू नकोस, कितीही राग आला तरी. आणि फोटो पसरवणं, धमक्या देणं असलं काही सुरू झालं, तर आईला किंवा मला लगेच सांग. 1098 हा मुलांसाठीचा मोफत नंबरही पाठ करून ठेव.

नवी मैत्री आठवड्यात होत नाही. जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकाने मोठ्या माणसांचा हिशेब मांडला होता. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे 50 तास एकमेकांच्या सहवासात जावे लागतात आणि जिवलग व्हायला 200च्या वर. रोजची अर्ध्या तासाची मधली सुट्टी धरली तर 50 तासांना शाळेचे शंभर दिवस लागले! तू पंधरा दिवसांतच "माझं कुणाशी जमतच नाही" म्हणतेस. सुट्टीच्या जोडीला बसचा प्रवास, एकत्र अभ्यास असं काही धर, म्हणजे तास भराभर साठतील.

माणूस ओळखायची माझी एक रीत आहे. जी मुलगी समोर नाही तिच्याबद्दल तुझी मैत्रीण कसं बोलते ते ऐक. तू नसताना ती तुझ्याबद्दलही तसंच बोलत असणार.

जाता जाता तू म्हणालीस, जूनमध्ये ऐरोलीहून एक मुलगी आली आहे, शेवटच्या बाकावर एकटी बसते. तिचं नाव मी विचारलं, तर तुला ठाऊक नव्हतं. सोमवारी विचार तिला, आणि मला कळव.

तुझी,
बाई