३७ पैकी ३६ लढती जिंकलेला बॉक्सर ८९ सेकंदांत कसा हरतो?

तुम्ही पीटर मॅकनीलीबद्दल विचारताय. १९ ऑगस्ट १९९५, लास वेगास. तुरुंगातून सुटलेल्या माईक टायसनची ती पहिली लढत. मॅकनीली दोनदा खाली पडला, त्याचा मॅनेजर थेट रिंगमध्ये घुसला आणि पंचांनी त्याला बाद ठरवलं. कारण सोपं: त्या ३६ विजयांतले बहुतेक लिंबूटिंबूंविरुद्धचे होते.

असे फुगलेले रेकॉर्ड तयार होतात कसे? प्रमोटरला घरचा मुलगा अपराजित हवा असतो, कारण तिकिटं त्याच्या नावावर खपतात आणि पुढे टीव्हीलाही '१५-०' (१५ विजय, एकही पराभव नाही) विकायला बरं पडतं. मग ठरलेल्या मानधनावर बाहेरून एक 'जर्नीमन', म्हणजे पोटासाठी सतत लढणारा आणि बहुतेकदा हरणारा बॉक्सर, आणतात. बर्मिंगहॅमचा पीटर बकली बघा: ३०० लढती, २५६ पराभव, १२ बरोबरी, फक्त ३२ विजय! २००८ मध्ये निवृत्त झाला. पुढे विश्वविजेता झालेल्या नसीम हमीदशीही लढलेला माणूस, म्हणजे अगदीच कच्चा नव्हे. असे लोक मुद्दाम हरतात असंही नाही. पण नॉकआउट झालं की काही आठवडे सक्तीची विश्रांती, म्हणजे तेवढे दिवस कमाई बंद. त्यामुळे अंग राखून, गुणांवर हरणं परवडतं.

नवख्याला अशा लढतींतून शिकायला मिळतं, तेवढं मला मान्य आहे. विसाव्या लढतीतही समोर तसलेच असतील तर मात्र शंका घ्या. बॉक्सरेक (BoxRec) या लढतींच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर खेळाडूचं पान उघडा, विजयांचा आकडा सोडा, हरलेल्यांचे रेकॉर्ड वाचा.