‘चिद्रो’ म्हणजे आपलं ‘छिद्र’च का?

प्रश्न असा आहे: जावानीज (इंडोनेशियातल्या जावा बेटावरची भाषा) विरहगीतांच्या डीजे रिमिक्समध्ये ‘चिद्रो’ हा शब्द सारखा कानावर पडतो. तो आपला ‘छिद्र’ आहे का, आणि देवनागरीत लिहावा कसा?

हो, तोच आहे. पण ‘भोक’ हा अर्थ धरून बसलात तर गाण्याची ओळ लागणार नाही. संस्कृतात छिद्र म्हणजे भोक, तसंच दोष, उणीव. मराठीत ‘छिद्रान्वेषी’ म्हणतो तेव्हा आपणही भोकं शोधणारा म्हणत नाही, दुसऱ्याचे दोष काढणारा म्हणतो. जावानीजमध्ये शब्द ह्याच वाटेने पुढे गेला आणि कपट, दगा, वचनभंग ह्या अर्थांवर स्थिरावला. जावानीज गायक दिदी केम्पोट (१९६६–२०२०) यांचं ‘चिद्रो’ हे १९८९चं गाणं दिलेला शब्द मोडल्याचं आहे. मराठीत मी तिथे ‘दगा’ लिहीन.

आता उच्चार. जावानीजमध्ये महाप्राण व्यंजनं (ख, छ, थ, ध अशी) वेगळी उरली नाहीत, म्हणून छ चा च झाला. शब्दाच्या शेवटी उघडा ‘आ’ असेल तर तो ‘ऑ’ होतो, आणि आधीचं अक्षरही तसंच उघडं ‘आ’चं असेल तर तेही बदलतं. ‘लारा’ (दुखणं) म्हणतात ‘लॉरॉ’. तृष्णा तिकडे प्रेम या अर्थाने नांदते, तिचा उच्चार ‘त्रस्नॉ’. मात्र ‘ने’ हा प्रत्यय लागला की ‘आ’ परत येतो: ‘त्रस्नाने’, म्हणजे त्याचं किंवा तिचं प्रेम. तेव्हा काटेकोर लिहायचं तर ‘चिद्रॉ’. शब्दकोशात शोधताना ‘चिद्रा’ पाहा, तिथे शेवटी ‘ए’ हे रोमन अक्षर असतं. गाण्यांच्या नावांत मात्र उच्चाराप्रमाणे ‘ओ’ लिहायची चाल आहे.

मराठी माणूस हमखास फसतो तो रोमन ‘टीएच’ आणि ‘डीएच’पाशी. ते थ आणि ध नव्हेत, ट आणि ड आहेत. ‘सेवू कुटॉ’ (हजार शहरं) हे अनेक जण ‘कुथो’ असं वाचतात. प्रेम तुटणं, दोर तुटणं यासाठीचा शब्द ‘पडॉत’, ‘पेधोत’ नव्हे. उलट ‘चिद्रॉ’तला द तुम्हाला ‘ध’सारखा वाटला तर कानाला दोष देऊ नका. जावानीज घोष व्यंजनांमागे (ग, द, ब अशा) श्वासाचा हलका झोत असतोच.

रिमिक्सवरून शब्द टिपू नये असं मला ठामपणे वाटतं. मूळ गाणं मिनिटाला ८२ ठोक्यांचं असेल आणि रिमिक्स १५०चं, तर गायकाचा आवाज ७५ ठोक्यांवर आणतात, म्हणजे साडेआठ टक्के संथ करतात, आणि एका मूळ ठोक्यात दोन ठोके बसवतात. तेवढ्याने शब्द बिघडत नाही. बिघडतो तो तुकडे पाडताना: ‘चि-चि-चि’ एवढंच वाजतं, आणि ‘द्रॉ’ पडतो नेमका बासच्या दणक्याखाली. शिवाय आवाजाची पट्टी चढवली की स्वराचा रंगही वर सरकतो, ‘ऑ’ हा ‘आ’कडे झुकतो. मूळ ध्वनिमुद्रण आधी ऐका, रिमिक्स मागाहून.

त्या दणक्यालाही नाव आहे, ‘जेडाग-जेडुग’. आधी आ, मग उ, थेट आपल्या ‘धामधूम’सारखं. आणि काळजाच्या धडधडीला इंडोनेशियात म्हणतात ‘डाग-डिग-डुग’.

जाता जाता ‘अम्ब्यार’. केम्पोट यांचे चाहते स्वतःला ‘सोबात अम्ब्यार’ म्हणवतात. सोबात म्हणजे दोस्त. पुष्कळ जण त्याचं भाषांतर ‘हृदय तुटलेले’ असं करतात, ते अपुरं आहे. तुटण्यात दोन तुकडे होतात, तो झाला पडॉत. अम्ब्यार म्हणजे काचेचा पेला फरशीवर पडून ठिकऱ्या खोलीभर पसराव्यात तसं. ‘काळजाच्या ठिकऱ्या उडालेले’ म्हटलं की शब्द बरोबर बसतो.