दुसऱ्या झाडावर का नाही जात?

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे. शाळेने ‘वर्षावनातले प्राणी’ असा प्रकल्प दिला होता. स्टेशनरीच्या दुकानात चित्रांचा तयार तक्ता मिळाला. त्यातले टूकान, जग्वार, स्लॉथ कापून चिकटवले आणि मागे मी दहा ओळी लिहून दिल्या. शेवटची ओळ होती, ‘जंगल तोडले तर प्राण्यांचे घर जाते.’ ती वाचून मुलगी म्हणाली, “मग टूकान दुसऱ्या झाडावर का नाही जात? त्याला तर पंख आहेत!” ‘दुसरी झाडंही तोडतात गं’ म्हणून मी वेळ मारून नेली. तिचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही. तिला काय सांगू?
– एक आई, कोथरूड, पुणे

उत्तर : तुमच्या मुलीच्या प्रश्नाला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते आणि तक्ता बाजूला ठेवला असता. दहा ओळी स्वतः लिहिल्याचं तुम्ही प्रांजळपणे कबूल केलंत, त्याबद्दल तुम्हालाही अर्धा गुण. एकतीस वर्षं सावंतवाडी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, तेव्हा आईबाबांचं अक्षर मला लांबून ओळखू यायचं.

आता उत्तर. ते तिला सांगण्यापेक्षा दाखवता आलं तर बघा. टूकान दाखवता येणार नाही, तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. पण त्याच्या नात्यातला एक पक्षी पुण्यातच राहतो : तांबट. चिमणीएवढा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. उन्हाळ्यात भर दुपारी तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसं टुक-टुक-टुक चाललेलं असतं ना, तोच तो. तो झाडात स्वतः भोक कोरतो, जेमतेम एखादं लिंबू आत जाईल एवढं. पण त्याला ओली, टणक फांदी जमत नाही. वाळलेली, थोडी भुसभुशीत झालेली लागते. आणि पावसाळ्याआधी सोसायटीची मीटिंग भरली की सगळ्यात आधी कुठली फांदी कापायची ठरते? तीच, वाळकी. बाकी झाड जागच्या जागी असतं, हिरवंगार असतं. तांबटाचं घर तेवढं गेलेलं असतं.

टूकानचं तर त्याहून अवघड. एवढी मोठी चोच, पण आतून जाळीदार नि हलकी. टणक लाकूड कोरण्याच्या कामाची नाही. त्याला आयतं भोक हवं. सुतारपक्ष्याने कोरून सोडून दिलेलं, किंवा फांदी मोडून तिथे वर्षानुवर्षं पाणी मुरून कुजलेलं. अशी ढोली व्हायला झाड म्हातारं लागतं. एक झाड तोडून दहा रोपं लावली तरी त्या दहांत ढोली एकही नसते. ‘पंख आहेत, पण बिऱ्हाड मांडायला खोली नाही,’ असं सांगा. पुण्यातल्या मुलीला ते चटकन कळेल!

आमच्याकडे टूकानसारखाच दिसणारा पक्षी आहे. आम्ही त्याला माडगरुड म्हणतो, पुस्तकात धनेश. (दिसतात सारखे, पण नातं नाही. धनेश हुदहुदाच्या जवळचा.) विणीच्या वेळी मादी ढोलीत शिरते आणि स्वतःच्या विष्ठेने, अन्नाच्या चोथ्याने ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोचीपुरती फट ठेवते. पुढचे दोन-अडीच महिने नर त्या फटीतून एकेक फळ भरवतो : वडाची, उंबराची, आणि काजऱ्याचीसुद्धा. काजऱ्याची बी विषारी, आमची पोरं त्याला हात लावत नाहीत, पण माडगरुड गर खाऊन बी टाकून देतो. आत मादीची पिसं झडलेली असतात. अशा वेळी ते झाड पाडलं तर ‘दुसऱ्या झाडावर जा’ हे कुणाला सांगायचं? आणि झाड राहिलं पण आजूबाजूचे वड-उंबर गेले, तर नराने आणायचं काय?

मुलांना हे पटतं, कारण यात आई आहे, बाबा आहेत, जेवण आहे. ‘अधिवास’ हा शब्द मी दुसरीत कधी वापरला नाही. मी विचारायचे, “ह्याला सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय लागतं?” आणि पोरं बोटं मोजायची.

पण मला स्वतःला ते कसं कळलं, तेही सांगते. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. आंबोलीच्या बाजूला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तुमच्या पुण्याच्या साधारण दहापट. अशा एका जुलैत मुलांना रानातल्या हौदावर वाकलेल्या फांदीच्या पानांत पांढरा फेस दिसला, ताक घुसळल्यावर वर येतो तसा. ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. हिरवागार बेडूक, बोटांमध्ये केशरी पडदे, एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो. अंडी फेसात घालतो. मला वाटलं, केवढं छान, वर्गात सगळ्यांना बघायला मिळेल. फांदी मोडून आणली आणि टेबलावर बरणीत उभी केली. शनिवारी सकाळची शाळा सुटली, रविवार मध्ये गेला. सोमवारी दार उघडलं तर टेबलावर काळे ठिपके वाळून चिकटलेले, तिळासारखे. फेसातून पिल्लं बरोबर वेळेवर खाली पडली होती, पाण्यात पडायची तशी. दुसरीतला एक मुलगा टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “बाईनू, खाली पाणी खंय होतां?”

मी पान आणलं होतं, फेस आणला होता, हौद आणला नव्हता. त्यानंतर कुठलंही घरटं वर्गात आलं नाही, वर्ग घरट्याकडे गेला.

तेव्हा तुमच्या मुलीला एवढंच करू द्या. प्राणी एकच निवडायचा, तांबट किंवा टूकान, तिच्या मर्जीने. वहीच्या मधल्या पानावर तो काढायचा, वाकडातिकडा चालेल, आणि त्याला जे जे लागतं तिथपर्यंत एकेक रेघ ओढायची. मग एकेक रेघ खोडून बघायची. दहा ओळी तिलाच सांगू द्या, तुम्ही फक्त लिहून घ्या, आणि तिची वाक्यं सुधारू नका. घराजवळ वड असेल तर फळं पिकली की सकाळी अर्धा तास खाली उभ्या राहा दोघी. कोण कोण जेवायला येतं ते मोजा.

आणि हो, ज्यांना खरोखरच कुठे जाता येत नाही असेही आहेत. आंबोली टोड म्हणून काडेपेटीत मावेल एवढा प्राणी आहे, अंगावर वाघासारखे पट्टे. आंबोलीच्या परिसरातल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर सापडतो, कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली ती २००९ मध्ये. आम्ही त्याआधी कित्येक पावसाळे तिथून चालत गेलो असू.

प्रश्न : तिसरीच्या वर्गात जळणाऱ्या जंगलाची चित्रफीत दाखवली. दोन मुलं रडली, एकाने रात्री जेवण केलं नाही म्हणून पालक भांडायला आले. दाखवायला नको होतं का?
– एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : नको होतं. आठ वर्षांच्या मुलाला आधी ओळख हवी. ज्याच्याशी ओळख नाही त्याच्या मरणाची बातमी ऐकून नुसती भीती वाटते, आणि भ्यालेलं मूल पुढच्या वेळी कान बंद करतं. पालकांवर रागावू नका. मुलांना विचारा, चित्रफितीत कुठला प्राणी दिसला, आणि मग आठवडाभर त्याच्याविषयीच बोला : तो काय खातो, कुठे झोपतो. आग पाचवीनंतर.

प्रश्न : माझा नातू इथे तिसरीत आहे. शाळेसाठी वर्षावनाची माहिती शोधताना मोबाइलवर ॲमेझॉनच्या जंगलात पट्टेरी वाघ दिसला, त्याने तोच छापून नेला. शिवाय तो मला विचारतो, भारतात वर्षावन आहे का? मी रत्नागिरीकडचा, पण ‘आहे’ म्हणताना अडखळलो.
– एक आजोबा, न्यू जर्सी

उत्तर : वाघ आशियाचा, ॲमेझॉनमध्ये जग्वार. जग्वारच्या ठिपक्यांच्या वर्तुळात आणखी बारीक ठिपके असतात, बिबट्याच्या नसतात. नातवाला भिंग द्या आणि दोन फोटो द्या, तो स्वतःच शोधून काढेल. त्यानंतर मोबाइलवरचं चित्र तो सहजासहजी खरं मानणार नाही.

आणि अडखळू नका, ‘आहे, पश्चिम घाटात’ म्हणा. पश्चिम घाटातल्या ३९ जागा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या. त्यात कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी या चार आपल्याकडच्या. फरक एवढाच, की ॲमेझॉनमध्ये पाऊस जवळजवळ वर्षभर, आपल्याकडे चार महिने कोसळतो आणि मग आठ महिने झाडांनी कसंबसं निभवायचं. त्यामुळे अस्सल सदाहरित रान आपल्या बाजूला दऱ्याखोऱ्यांत आणि देवरायांत तुकड्या-तुकड्यांनी उरलंय. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे गावच्या देवराईत तर रानजायफळाची दलदल आहे. बारमाही चिखल, आणि त्यातून झाडांची मुळं गुडघे वर काढून बसल्यासारखी.

तुमच्या गावची राईही असेल. तिथून सुकलेली काडी आणलेली चालायची का, आत शिरताना चपला कुठे काढायच्या, कोणाला भ्यायचात, हे त्याला सांगा आणि त्याला लिहून घेऊ द्या. तेवढं कुठल्याच संकेतस्थळावर मिळायचं नाही. राईत काजरा होता का, तेवढं मलाही कळवा.